पाण्यानं लोखंड कापणारं यंत्र आणि आपल्या मुली

कोडोलीच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी थापत ऐकलंत तरी चालेल.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे काय आपल्या कामाचं? विषय आहे पाण्याच्या धारेनं लोखंड, दगड आणि काच कापणारं यंत्र. कारखान्यात त्याला वॉटरजेट म्हणतात. पण आपल्या कोडोलीतून, पारगावातून, काखे-सातव्यातून रोज किती माणसं शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत कामाला जातात, जरा मोजून बघा. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा भाऊ आणि हल्ली कुणाची लेकसुद्धा. ज्या कामावर आपली चूल पेटते, ते काम कसं बदलतंय हे आपल्याला ठाऊक असायला हवं. यंदा तर आमच्या गटापुढे कर्जाची अशी एक मागणी आली, की हे समजून घेतल्याशिवाय हो-नाही म्हणताच येईना. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी यंत्र समजून घेऊ.

पाणी लोखंड कापतं का? खरं सांगायचं तर जाड लोखंड नुसतं पाणी कापत नाही. आपलं करपलेलं पातेलं आठवा. नुसतं नळाखाली धरलं तर निघतं का? राख लागते, वाळू लागते. घासायचं काम वाळू करते. पाणी त्या वाळूला फिरवतं आणि निघालेला मळ वाहून नेतं. या यंत्राचं गुपित एवढंच आहे.

नदीही हेच करते. अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात निघोज गाव आहे. तिथं कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळात रांजणासारखे गोल, खोल खळगे पडलेत. त्यांना रांजणखळगेच म्हणतात. पाण्याच्या भोवऱ्यात वाळू आणि दगडगोटे अडकले, गरागरा फिरत राहिले आणि कातळ घासत घासत खाली गेले. नदीला त्यासाठी हजारो वर्षं लागली. कारखान्यातलं यंत्र तेच काम मिनिटांत करतं, कारण त्याच्या पाण्याला प्रचंड दाब दिलेला असतो.

दाब किती? आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा जास्तीचा दाब असतो. या यंत्रात तो सुमारे ४००० किलो असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर आठ म्हशींचा भार. नव्या पंपांत तर ६००० किलोपर्यंत दाब नेतात.

एवढ्या दाबाचं पाणी एका बारीक भोकातून बाहेर सोडतात. भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं, शिवणाच्या दोऱ्यासारखं. ते भोक लोखंडात पाडलं तर पाणीच ते झिजवून टाकील. म्हणून माणिक, नीलम किंवा हिरा बसवतात, कारखान्यात तयार केलेले. त्यातून पाणी निघतं ते सेकंदाला आठशे मीटरपेक्षा जास्त वेगानं. आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून अधिक.

आता यात वाळू कशी मिसळते बघा. भरधाव एसटी शेजारून गेली की रस्त्याकडेचा पालापाचोळा तिच्या मागं ओढला जातो ना? तसंच पाण्याच्या त्या धारेच्या मागं शेजारच्या नळीतली वाळू ओढली जाते. मग दोन्ही मिळून एका कठीण नळीतून खाली येतात. ती नळी टंगस्टन कार्बाइडची असते, तिचं भोक एक मिलिमीटरच्या आतबाहेर. ही वाळू आपल्या नदीतली नाही. तिला गार्नेट म्हणतात. लालसर रंगाची, टोकदार कणांची, साध्या वाळूपेक्षा कणखर. आपल्या देशात तामिळनाडू, ओडिशा अशा राज्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर ती सापडते.

पाणी किती लागतं, हा पहिला प्रश्न आमच्यातल्या एका काकूंनी विचारला होता. उन्हाळ्यात घागरी मोजणाऱ्या बाईला तोच सुचणार. उत्तर आहे मिनिटाला तीन-चार लिटर, म्हणजे तासाला साधारण एक मोठं बॅरल. वाळू मात्र खूप लागते, तासाला वीस ते तीस किलो. या यंत्राच्या चालू खर्चात सगळ्यात मोठा वाटा वाळूचाच असतो. म्हणून वापरलेली वाळू धुऊन, चाळून, वाळवून तिच्यातले चांगले कण परत वापरायची सोय आता निघाली आहे.

हे यंत्र आलं कुठून? १९५० च्या दशकात नॉर्मन फ्रांझ नावाच्या वनशास्त्रातल्या इंजिनिअरनं पाण्याच्या बारीक धारेनं लाकूड कापून बघितलं. पुढे १९७० नंतर कारखान्यांत नुसत्या पाण्यानं पुठ्ठा कापायला सुरुवात झाली. पण नुसतं पाणी मऊ वस्तूच कापतं. पुठ्ठा, कापड, रबर, फोम, चामडं, केकसुद्धा. लोखंडापुढं ते हरलं. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत मोहम्मद हशीश या इंजिनिअरनं धारेत कणखर वाळू मिसळायचे प्रयोग सुरू केले, आणि १९८० च्या दशकात ही यंत्रं बाजारात आली. सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं मोटारीच्या काचा कापायचं.

तुम्ही म्हणाल, लोखंड कापायला गॅस कटर आहे, लेझर आहे, करवत आहे, मग हे कशाला? याचं मुख्य कारण उष्णता. पापड तापल्या तव्यावर टाकला की कसा वाकडातिकडा होतो. पत्र्याचं तसंच होतं. गॅसनं कापलं की कडा तापते, कडक होते, पत्रा वाकतो. मग परत ठोका, परत घासा. विळ्याला धार लावणारा दगडावर पाणी का शिंपडतो? पातं तापून त्याचं पाणी उतरू नये म्हणून. या यंत्रात कापणारंच पाणी आहे, त्यामुळं वस्तू फारशी तापतच नाही. ठिणगी नाही, धूर नाही.

ठिणगी नाही याचं मोल मोठं आहे. ऑगस्ट २००० मध्ये रशियाची कुर्स्क नावाची पाणबुडी समुद्रात बुडाली. त्यातली ११८ माणसं गेली. पुढच्या वर्षी ती वर काढायची ठरली, तेव्हा तिच्या पाठीला दोर अडकवायला भोकं पाडायची होती. पाणबुड्यांनी समुद्राच्या तळाशी वाळूमिश्रित पाण्याच्या धारेनं ती भोकं पाडली.

दुसरं कारण असं, की एकच यंत्र वेगवेगळ्या वस्तू कापतं. सकाळी स्टीलचा पत्रा, दुपारी ग्रॅनाइटची फरशी, संध्याकाळी रबराचं वायसर. कारखान्यात एका आकाराचे हजारो तुकडे काढायचे तर साचा करतात, त्याला डाय म्हणतात. पण दहाच तुकडे हवे असतील तर डायचा खर्च कोण करणार? इथं कॉम्प्युटरमध्ये ड्रॉइंग घातलं की काम सुरू. कोल्हापूरला शेकडो फाउंड्र्या आहेत, मोटारीचे आणि पंपांचे कास्टिंग देशभर जातात. तिथं नमुन्याचे तुकडे, गॅस्केट, पंपाचे आणि यंत्रांचे सुटे भाग असल्या थोड्या-थोड्या नगांच्या कामाला अशी सोय उपयोगी पडते.

विमानाचे काही भाग आता कार्बनच्या धाग्यांचे करतात. ते खारी बिस्किटासारखे पदरापदरांचे असतात. करवत किंवा ड्रिल नीट चाललं नाही तर पदर सुटतात. तिथं ही धार वापरतात. आणखी सुधारणा म्हणजे पूर्वी कापाची खालची बाजू किंचित तिरपी आणि खरबरीत यायची, कारण धार खाली जाता जाता मागं रेंगाळते. आताच्या यंत्राचं तोंड कॉम्प्युटरच्या हिशेबानं किंचित कलतं आणि तो तिरपेपणा काढून टाकतं. काही यंत्रांची धार तर इतकी बारीक झाली आहे, की घड्याळातले आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांचे भागही कापता येतात.

पण याच्या मर्यादाही ऐका, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. पातळ पत्रा कापायला लेझर याच्यापेक्षा बराच वेगवान आहे. जाड लोखंड कापायला पाण्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे वाळू आणि वीज. मोटारीच्या बाजूला असते तशी टफन केलेली काच तर कापताच येत नाही, तिचा चुरा होतो. आणि यंत्र महाग आहे. उद्या कुणी येऊन म्हणालं, "गटानं कर्ज काढा, वॉटरजेट घ्या, घरबसल्या कमवा," तर त्याला पाणी पाजून वाटेला लावा. हा बचत गटाचा धंदा नाही.

मग बचत गटाचा संबंध कुठं येतो? तो आता सांगतो.

यंदा आमच्या गटातल्या एका वहिनींनी १८ हजारांचं कर्ज मागितलं. लेक बारावी झालेली. तिला एका खासगी क्लासमध्ये सहा महिन्यांचा सीएनसी आणि ड्रॉइंगचा कोर्स करायचा होता. बैठकीत दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या पैशात शेळ्या येतील. पोरगी मशिनवर काय करणार? लोखंड उचलणार?" दुसरी म्हणाली, "लग्नाला मागितले असते तर दिले असते न्हवं? मग शिकायला का नाही?" तिसरीनं विचारलं, "उद्या नोकरी नाही लागली तर हप्ता कोण भरणार?" तिघींचंही म्हणणं खोटं नव्हतं. पैसा सगळ्यांचा आहे, आठवड्याला पन्नास-पन्नास रुपये करून साठलेला.

म्हणून आम्ही ठरवलं, बघून तरी येऊ. गटातल्या नऊजणी आणि ती मुलगी, अशा सगळ्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये गेलो. तिथं हे यंत्र बघितलं. एक मोठी पाण्याची टाकी, वर लोखंडी पट्ट्यांची जाळी, जाळीवर जाड पत्रा, आणि वर सरकणारं तोंड. आवाज एवढा की बोललेलं ऐकू येईना, सगळ्यांच्या कानात बोळे. पाण्याखाली धार गेली की आवाज जरा कमी होतो. पत्रा उचलायला क्रेन होती. माणूस लोखंड उचलत नव्हता. बाजूच्या खोलीत हातकणंगल्याकडची एक मुलगी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करत होती. एका पत्र्यातून जास्तीत जास्त तुकडे कसे निघतील, ते ती मांडत होती. आपण ब्लाउजपीस बेततो तसंच. बाही इकडून, गळ्याची पट्टी तिकडून, कापड वाया जाऊ द्यायचं नाही. मावशींनी ते दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आपलंच काम आहे की."

मैत्रिणींनो, बदल झाला आहे तो इथं. पूर्वी या कामाला दंडात बळ लागायचं. आता ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, माप कळलं पाहिजे, डोकं शांत पाहिजे. हे गुण आपल्या मुलींत आहेत. अडचण आहे ती घरातून हो म्हणण्याची आणि नीट शिक्षण निवडण्याची.

परत आल्यावर आम्ही त्या खासगी क्लासला चार प्रश्न विचारले. तेच तुम्हीही विचारा. एक, मिळणारं प्रमाणपत्र कुणाच्या मान्यतेचं? दोन, खऱ्या यंत्रावर किती तास शिकवणार? तीन, गेल्या वर्षी शिकलेल्या मुली आज कुठं कामाला आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? चार, मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? क्लासवाल्यांनी तोंडी पुष्कळ सांगितलं, पण लिहून एकाचंही उत्तर दिलं नाही.

तेव्हा आम्ही आयटीआयची चौकशी केली. कोल्हापूरला कळंबा रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. मशिनिस्ट, टर्नर, फिटर, यांत्रिकी आरेखक हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, दहावीवर प्रवेश मिळतो. फी खासगी क्लासपेक्षा पुष्कळ कमी. नंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जाता येतं आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. ज्या मुलींना बारावी विज्ञान करून इंजिनिअरिंगला जायचंय, त्यांच्यासाठी वारणानगरचं कॉलेज आपल्या दारात आहे. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला आहे, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून घ्यावा लागतो. फेरी चुकली तर सवलतही चुकते. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा.

वहिनींच्या लेकीनं आरेखकाचा अभ्यासक्रम घेतला. गटानं १८ हजार दिले नाहीत, ६ हजार दिले. फी, वह्या, ड्रॉइंगचं साहित्य, प्रवास यांसाठी. महिन्याला पाचशेचा हप्ता. दोन वर्षं थांबायचं म्हणून घरातले कुरकुरत होते, पण पोरगी जातेय. पुढं काय होतंय ते बघू. एक अट मात्र गटानं घातली आहे. नोकरी धरायच्या आधी आईनं स्वतः कारखान्यात जाऊन बघायचं, की बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, दुसऱ्या पाळीला ने-आण करायची गाडी कुणाची, आणि तक्रार करायची तर कुणाकडं.

आता शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. हे नीट ऐका. ज्यांच्या घरात कारखान्याला जाणारं कुणी नाही, त्यांनीही ऐका.

जी धार लोखंड कापते, ती बोट कापणारच. ते सगळ्यांना कळतं. पण कमी दाबाची बारीक धारही घात करते, आणि तो घात दिसत नाही. सात-आठ किलो दाबाची बारीक धारसुद्धा कातडीच्या आत घुसू शकते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या पाइपात दीडशे-दोनशे किलो दाब असतो. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप, औषध फवारायचा एचटीपी पंप, रंगाचा स्प्रे, या सगळ्यांत तो धोका आहे. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, माणूस हात लावून गळती शोधतो, आणि तेल हातात घुसतं. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका. दुखतही नाही फारसं. माणूस म्हणतो, "काही झालं नाही," आणि कामाला लागतो. रात्री हात सुजतो. आतलं मांस कुजायला लागलेलं असतं. उशीर झाला तर बोट काढावं लागतं, कधी हातसुद्धा.

म्हणून लक्षात ठेवा. असा ठिपका दिसला, आणि धार लागली होती असं कळलं, तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा. १०८ ला फोन करा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. दाबून पिळू नका. दोरी बांधू नका. हात वर धरा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नका. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "जोराच्या दाबाची धार आत गेली आहे." पाणी होतं, तेल होतं, रंग होता की औषध होतं, दाब किती होता, किती वाजता झालं, तेही सांगा. नुसतं "टोचलं" म्हणालात तर इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. वॉटरजेटवर काम करणाऱ्यांनी तर हे एका कार्डावर लिहून खिशातच ठेवावं. आणि पाइपाची गळती शोधायची तर पंप बंद करून. नाहीच जमलं तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून. हातानं कधीच नाही.

दुसरी गोष्ट त्या वाळूची. यंत्राच्या टाकीत खाली गाळ साठतो. लालसर, बारीक, दिसायला छान. कुणीतरी पोतं भरून घरी आणतं, भांडी घासायला बरी म्हणून, नाहीतर अंगणात टाकायला. आणू देऊ नका. त्यात कापलेल्या धातूंचा चुरा असतो, क्रोमियम, निकेल, कधी शिसंही. तो गाळ भांड्याला नको, परसातल्या भाजीला नको, पोरांच्या खेळायला नको. त्याची विल्हेवाट कारखान्यानंच लावायची असते.

आणि कानात बोळे घालायला लाजू नका, असं घरच्या माणसांना सांगा. बहिरेपण एका दिवसात येत नाही. घरात टीव्हीचा आवाज दर वर्षी थोडा थोडा वाढत असेल, तर एकदा कान तपासून घ्या.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात दोन कामं करा. एक, घरात जो कारखान्यात, ट्रॅक्टरवर किंवा फवारणीला जातो, त्याला धारेच्या जखमेचं आजच जेवताना सांगा. दोन, गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या गावात दहावी-बारावी झालेल्या किती मुली घरी बसून आहेत. नावं लिहून काढा आणि ती यादी ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा. आयटीआयच्या प्रवेशाच्या तारखा लागल्या की आम्ही याच रेडिओवर सांगू.